चौदापैकी बारा

गल्लीत पसरलं होतं की मावशी विमा कंपनीची माणूस आहे. स्वयंपाकघरात नाक खुपसते, लोणी दिसलं की हप्ता वाढवते. ती जिना चढायला लागली की वरच्या मजल्यावर डबे लपायचे.

सगळ्या थापा. मावशी दवाखान्याच्या पाहणीत कामाला होती. भूमध्य समुद्राकाठची माणसं जसं जेवतात, त्याच्या किती जवळपास हृदयाचे पेशंट जेवतात, हे चौदा प्रश्न विचारून मोजायचं. सल्ला द्यायचा नाही, भुवई हलवायची नाही. तिच्याकडे शिकायला राहिलेली भाची तिची हुबेहूब नक्कल करायची: "ऑलिव्ह तेल, दिवसाला, किती चमचे?" चेहरा अगदी इस्त्री केलेला.

चौदापैकी सहाच्या खाली गुण पडले की तेल, अक्रोड, कडधान्यांचं खोकं घरपोच आणि आठवड्याला नर्सची फेरी.

त्या सकाळी पाळी म्हाताऱ्या घड्याळजींची. गेल्या वर्षी बायको शेजारी बसून उत्तरं पुरवत होती, गुण बारा. ती जाऊन सात महिने झाले होते. आता फ्रिजची पिन भिंतीशी लोंबत होती, ओट्यावर एक कप आणि अर्धा पाव. घड्याळाच्या पट्ट्याला त्यांनी स्वतःच दोन नवी भोकं पाडली होती.

"मासे आठवड्यातून किती वेळा?"

"तीनदा."

प्रश्न पुन्हा वाचायची मुभा होती, बस तेवढीच. मावशीने वाचला. मग 'आठवड्यातून'वर जोर देऊन आणखी एकदा वाचला.

"ताई, कान शाबूत आहेत माझे. तीनदा. हिच्या हातचं खाऊन बाराच्या खाली कधी आलो नाही, आता बरा येईन."

बेरीज बाराच आली. मावशीने परतताना पाहणीच्या डॉक्टरांना फोन करून घरात दिसलं ते सांगितलं. कागदावर बारा आहेत ना, मग अडलंय कुठे, असं ते म्हणाले.

संध्याकाळी ती टेबलाशी बसली. आकडे पेन्सिलीत होते, खोडरबर हाताशी. भाचीने पैज लावली: मावशी बाराचे पाच करणारच, नाही केले तर महिनाभर नक्कल बंद.

"एक खोडला की बाकीच्या तीनशे घरांना काय अर्थ उरला गं?" मावशी म्हणाली. खोडरबर तिने दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. मग पेनाने बारा गिरवले.

जेवताना ताट अर्ध्यावर सारून मावशीच म्हणाली, "कर की माझी नक्कल जराशी."

भाचीने नकारार्थी मान हलवली. पैज हरली होती ती.