तीन जुने पाळक आणि हिरामावशी

चहा गार होऊ देऊ नका, पण घोट घेताना जरा जपून. मी जी माती खाल्ली ती ऐकताना परवा आमच्या शेजारणीला असा ठसका लागला की पाठ थोपटायला लागली!

झालं असं, की जुईनगरच्या आमच्या छोट्याशा बाप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, वर्धापनदिन होता. वडीलजनांनी ठरवलं की जुने तिन्ही पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, बोलवायचे आणि मंडळीचा इतिहास वाचायचा. लिहिणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शाळेत मराठी शिकवते ना! माझी भाषा म्हणे एकदम स्पष्ट. हे ‘स्पष्ट’ लक्षात ठेवून पुढचं ऐका.

इतिहास तरी केवढा? पण लिहायला बसले आणि डोळेच भरून आले हो. पहिले गायकवाड पाळक. त्यांच्या वन-रूम-किचनमध्ये आमची उपासना सुरू झाली. दर रविवारी पलंग उभा करून गॅलरीत, आणि आम्ही वीस माणसं सतरंजीवर. माझा मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मला, तेव्हा हा माणूस तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होता. बोलायचे नाहीत फारसे. नुसते बसून असायचे. दुसरे पाळक आले, त्यांनी दुकानाचा गाळा मिळवला, स्वतः रंग दिला. तिसऱ्यांनी आमच्या पोरांना पेटी-तबला शिकवला. आता गायकवाड पाळक चौऱ्याऐंशीचे. मिरजेहून येणार होते. पुन्हा कधी येतील, कोण जाणे! म्हणून माझा हट्ट होता, की जेवण झालं पाहिजे ते हिरामावशीच्याच हातचं.

हिरामावशी जासईची आगरी बाई. तिच्या हातची कोंबडी आणि तांदळाची भाकरी खाल्लेला माणूस दुसरीकडे जेवायचं नाव काढत नाही. मधल्या सुट्टीत, पोरांच्या गोंगाटात, मी तिला फोन लावला. आमचं बोलणं झालं ते असं.

“मावशी, रविवारी चर्चमध्ये सत्तर माणसं जेवायला. तीन जुने पाळक आहेत, तेच मुख्य!”

“पालक? जुना कशाला गं बाय? ताजा नको का?”

“ताजे आहेत ना एक, आत्ताचे. पण मान जुन्यांचा!”

“किती जुना?”

“एक तर चौऱ्याऐंशीचे. वाळून काडी झालेत हो, पण दम आहे अजून.”

“या बया! आनि आनता कुठून?”

“एक मिरजेहून, एक नगरहून, एक नागपूरहून. अहो, आमची मंडळी उभी आहे ती यांच्याच जिवावर!”

“ते हाय. रगत वाढतं त्याच्यानं.”

“वाढतं कसलं? रक्ताचं पाणी केलंय त्यांनी आमच्यासाठी!”

मग एकदम हळू आवाजात, “बाय, तुला बरं वाटतं ना?”

“खूप बरं वाटतंय मावशी! ऊर भरून आलाय नुसता!”

“बरं, बरं. बाकी काय बनवू?”

“बाकी भात-भाकरी नेहमीची. सगळं लक्ष पाळकांवर ठेवा!”

आता मला सांगा, यात अस्पष्ट काय होतं?

रविवार उजाडला. तिघे पाळक आले. गायकवाड पाळक काठी टेकत आले, आणि माझा सहा फुटी मुलगा धावत जाऊन त्यांच्या पाया पडला. मी इतिहास वाचला. निम्मी मंडळी डोळे पुसत होती. मी मनात म्हटलं, वा! आज तू जिंकलीस!

मग जेवणाची झाकणं उघडली.

पहिलं पातेलं, हिरवं. पालकाची डाळ घातलेली पातळ भाजी. दुसरं, पालक-भात. तिसऱ्यात पालकाची भजी. भाकऱ्यांकडे बघितलं, तर त्यासुद्धा हिरव्या! कोंबडीचं पीससुद्धा नाही कुठे. सत्तर माणसं ताटं धरून माझ्याकडे बघतायत, आणि माझा चेहरा त्याच रंगाचा झालेला!

मी मावशीला कोपऱ्यात ओढलं. “मावशी, हे काय? कोंबडी कुठाय?”

“कोंबडी कवा बोललीस? पालक, पालक म्हनून कान खाल्लास माझा! तो तुझा जुना वाललेला मी नाय घातला हां. मानसं आजारी पडली असती. ताजाच आनलाय.”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मावशीच्या बोलीत ‘ळ’ नाहीच! काळा तो काला, डोळा तो डोला. मग पाळकाचं काय होणार? तरी तिनं फोनवर चक्क ‘पालक’ म्हटलेलं मी ऐकलं होतं. मराठीची बाई ना मी! कान उघडे असते तर ना!

रडकुंडीला येऊन मी गायकवाड पाळकांसमोर हात जोडले. “माफ करा. तुम्हाला बोलावलं आणि ताटात हे...”

त्यांचं लक्षच नव्हतं. दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होते.

“साठ वर्षं झाली,” ते म्हणाले, “ज्या घरी जावं तिथे पाळक आले म्हणून कोंबडी. आता दातही राहिले नाहीत. पण कुणाचं मन मोडायचं कसं? मनासारखं जेवलो ते आज. कुणी केलंय हे? मला त्यांचे आभार मानायचेत.”

मी मावशीला पुढे आणलं. सगळा घोळ सांगितला. हसण्याने गाळा दणाणला. मावशी मात्र हसेना. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “मना काय ठाव? मना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिनाम झाला. भाजीचं वय सांगते, गाव सांगते! मी एकवीरा आईला नारल बोललेय हिच्यासाठी.”

मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली. माझ्यासाठी नवस बोलणारी बाई! तेवढ्यात गायकवाड पाळकांनी हात पुसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

“मावशी, तो नारळ चुकवू नका. या बाईसाठी मी वीस वर्षं प्रार्थना करतोय, अजून उतार नाही!”