लांडोरी आळीत आल्या तो दिवस

भोरला आमच्या आळीत लांडोरी उतरल्या, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला होता, म्हणून त्या वस्तीत आल्या असाव्यात.

थोरल्या जाऊबाईंच्या बहिणीचं लग्न होतं. रुखवतात मांडायला आमच्या घरून कुरडया जायच्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून सासूबाईंनी आणि जाऊबाईंनी त्या पहाटेच घातल्या. दारापुढच्या बाजेवर, धोतरावर त्या वाळत होत्या. दोन दिवसांनी जाऊबाईंचा भाऊ त्यांच्या माहेराहून, हिर्डोशीहून, चालत त्यांना लग्नाला न्यायला येणार होता.

दुपारी त्यांचं बाळ रडलं. "जरा नजर ठेव गं, पाजून येते," असं मला म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. मी दाराआड उभी राहिले.

पाच लांडोरी आल्या. एक बाजेवर चढून ओल्या कुरडया टोचू लागली, मग बाकीच्याही. समोरच्या ओट्यावर मामंजी झोपले होते. ओरडले असते तर नव्या सुनेचा आवाज आळीभर गेला असता. आजवर मी स्वतःला हेच सांगत आले. पण नुसती दोन पावलं पुढं गेले असते तरी त्या उडाल्या असत्या. मी बघत राहिले. माझं माहेर वेल्ह्याकडचं. तिथं बांधावर अशाच लांडोरी यायच्या.

जाऊबाई बाहेर येऊन किंचाळल्या तोवर निम्म्या कुरडया खाऊन झाल्या होत्या, उरलेल्यांचा पायांखाली चिखल झाला होता.

"राखणीला बसवली हुती का झोपाया?" सासूबाई जाऊबाईंवर कडाडल्या. "माहेरचं नाव निगालं की कशात ध्यान न्हाई हिचं!"

"पोराला पाजत हुते, आत्याबाई. हिला सांगितलं हुतं."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं.

"मला ऐकूच आलं न्हाई," मी म्हणाले.

भाऊ आला तेव्हा सासूबाईंनी सांगून टाकलं, "रिकाम्या हातानं आमची सून मांडवात जायाची न्हाई. लोक आमालाच हसतील." तो भाकरी खाऊन एकटाच परत गेला.

बहिणीच्या हळदीच्या दिवशी जाऊबाई माझी वेणी घालायला बसल्या. त्यांचे डोळे सुजले होते.

"तू कशाला तोंड पाडून बसलीस?" त्या म्हणाल्या. "चूक माजीच. तुज्याजवळ येऊन सांगाया पायजे हुतं."

मी 'हो' म्हणून मान हलवली.