गिअर पडू द्यायचा असतो

"गिअर टाकायचा नसतो बे, पडू द्यायचा असतो."

काका असं म्हणायचे तेव्हा मोटरसायकल चालूच असायची आणि त्यांचा डावा हात हँडलवर नुसता टेकवलेला असायचा. क्लचवर एक बोटही नाही. डाव्या बुटाचं टोक गिअरखाली हलकेच लावायचं, उजव्या हाताने थ्रॉटल क्षणभर सैल करायचा, की गिअर पडायचा. झटका नाही, आवाज नाही. मागे बसलेल्या मला कळायचं ते फक्त इंजिनाचा सूर बदलल्यावरून.

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये ते आमच्याच अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर राहायचे; नात्याचे नव्हेत, पण सगळे त्यांना काकाच म्हणायचे. मूळचे नागपूरचे. ऑफिसही एकच. मी लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. आलो तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती, आणि इथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पहिल्या सोमवारी मी भर उन्हात पायी ऑफिसला निघालो. मागून मोटरसायकल आली.

"काय बे, टेक्सासात पायी चालून राहिला? लोक पोलिसांना फोन करतील. बस मागे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी आपल्या मुलीचं जुनं हेल्मेट आणलं. जांभळं, वर चांदण्या काढलेलं. मी गाडी घेईपर्यंत ते हेल्मेट घालून रोज ऑफिसला गेलो. लोक हसायचे. मला मात्र त्या चांदण्यांखाली फार सुरक्षित वाटायचं. गाडी घेतल्यावरही कधीकधी मी मुद्दाम त्यांच्या मागे बसून जायचो.

पुढे पुढे त्यांची आणखी एक सवय माझ्या लक्षात आली. लांबून लाल सिग्नल दिसला की ते वेग कमी करायचे आणि दिवा हिरवा होईपर्यंत गोगलगायीसारखे सरकत राहायचे. मागचे हॉर्न वाजवायचे. काका ढिम्म.

"काका, पेट्रोल वाचवताय का?"

"नागपूरचा माणूस एकदा निघाला की थांबत नाही."

आम्ही सगळे याला त्यांची ऐट समजायचो. कॉलेजातून सुट्टीला आलेली मुलगी वैतागायची, "बाबा, जस्ट यूज द क्लच!" काकू म्हणायच्या, "हौस आहे गं त्यांची, राहू दे."

एका संध्याकाळी ऑफिसातून परतताना अपार्टमेंटचं फाटक उघडलंच नाही. समोर एक मोठा ट्रक अडकला होता. थांबण्याला पर्याय नव्हता. चालत्या गाडीवर गिअर क्लचशिवाय पडतो, पण थांबायचं तर क्लच दाबावाच लागतो. काकांनी दाबला नाही. गाडीने दोन आचके दिले, बंद पडली आणि एका बाजूला कलली. मी दोन्ही पाय रोवले म्हणून आम्ही पडलो नाही.

ते खाली उतरले. उजव्या हाताने डावा पंजा उचलून त्यांनी क्लचवर ठेवला आणि बोटं एकेक करून मिटवली. ती परत उघडली.

"ऐकत नाही रे," ते म्हणाले. 'बे' नव्हतं त्या वाक्यात. "निघताना एकदा कसाबसा ऐकतो, मग नाही. काकूला सांगू नको. गाडी जाईल माझी."

आम्ही गाडी ढकलत आत आणली. काकू बाल्कनीत उभ्या होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "हात का?"

काकांनी वर पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"शर्टाची बटणं कोण लावतं तुमची? मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलता ते."

आजार नसांचा निघाला. हळूहळू सगळं अंग घेऊन जाणारा. त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गाडीची चावी काकांनी माझ्या हातात ठेवली. "उभी राहिली तर खराब होईल. रविवारी फिरवत जा."

मी मोटरसायकलचं लायसन्स काढलं. दर रविवारी अपार्टमेंटला फेऱ्या मारायचो आणि काका बाल्कनीत खुर्चीवर बसून ऐकायचे. माझा दुसरा गिअर हमखास कडकडायचा. वरून ओरडा यायचा, "टाकला! टाकला तू!" मग ओरडायची ताकद गेली. मग ते फक्त मान हलवायचे. शेवटी भुवई आणि ओठांची पुटपुट तेवढी उरली. एका रविवारी, कसा कोण जाणे, दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. मी गाडी थांबवून वर पाहिलं. काकांचे ओठ हलले. काकूंनी वाकून ऐकलं आणि मला मोठ्याने सांगितलं, "पडला म्हणतात!"

थंडी सुरू होताना काका गेले.

त्यानंतर बरेच रविवार मी गाडीला हात लावला नाही. मग त्यांचंच बोलणं आठवलं, उभी राहिली तर खराब होईल. एके सकाळी गाडी काढली. बाल्कनीकडे बघायचं नाही असं ठरवून एक फेरी मारली. दुसऱ्या गिअरला कडकड झालीच. जिन्याखाली गाडी लावून हेल्मेट काढत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

काकू काकांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर शाल होती. गाडीतलं त्यांना काही कळत नाही, असं त्या नेहमी म्हणायच्या.

"आज टाकलास रे," त्या म्हणाल्या. "अजून एक फेरी मार. मी बसलेय."