कामातला कंटाळवाणा तास विचारणाऱ्या गेडाम मॅडम

प्रा. सुनंदा गेडाम मॅडमची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझं वाक्य खोडलं तेव्हा. यवतमाळच्या आमच्या महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राच्या प्रथम वर्षाला मी नुकताच प्रवेश घेतला होता. हा विषय का घेतला, ते प्रत्येकाने अर्ध्या पानात लिहून आणायचं होतं. मी सुवाच्य अक्षरात सुरुवात केली होती, ‘मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे.’ मॅडमनी त्यावर लाल रेघ ओढली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “आवड तं मले लोणच्याचीही आहे. खरं काय ते सांग.” खरं एवढंच होतं, की दुसरीकडे कुठे माझा नंबर लागला नव्हता. ते चाचरत सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या. “आता जमलं. इथून सुरू करू,” असं म्हणून त्यांनी मला बाकावर बसायला जागा दिली.

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्याच विभागात मी शिकवते. त्यामुळे हे लिहिताना हात जरा जपूनच चालतो आहे. मॅडम हा लेख वाचणार आहेत, आणि लाल पेन अजून त्यांच्याकडेच आहे.

प्रथम वर्षाची मुलं आमच्याकडे येतात, तेव्हा निम्म्यांना वाघाचे फोटो काढायचे असतात आणि उरलेल्यांना पुढे काय करायचं याचा पत्ता नसतो. मॅडमनी यावर स्वतःची एक रीत बसवली. पहिल्या सहामाहीत प्रत्येक विद्यार्थ्याने एका काम करणाऱ्या माणसाबरोबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहायचं. ते वनरक्षक असतील, रोपवाटिकेतल्या बाई असतील, माती तपासणारे असतील किंवा खाणीजवळ धूळ मोजणारे असतील. दिवसभर बघायचं, मध्ये बोलायचं नाही आणि निघताना एकच प्रश्न विचारायचा, ‘तुमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा तास कोणता?’ मॅडमचं म्हणणं असं, की कामातली मजा सगळ्यांनाच चालते. ज्या कामातला कंटाळाही आपल्याला चालतो, ते काम आपलं. बोरी अरबचा आमचा एक वर्गमित्र वाघासाठी वनरक्षकांबरोबर गेला. दिवसभर पायपीट करून, पाणवठ्यांच्या नोंदी लिहून परत आला आणि म्हणाला, “मॅडम, वाघ तं दिसलाच नाही. पण त्या नोंदी लिहाले मजा आली राजेहो!” तो आज पाणलोटाच्या कामात आहे आणि दिवसभर नोंदीच लिहितो.

इंटर्नशिपची जागा मिळवणं हे त्या काळी फार अवघड होतं. मॅडम स्वतः कार्यालयांच्या पायऱ्या चढायच्या. काम संपलं की विद्यार्थ्याने हाताने आभाराची पत्रं लिहायची आणि पहिलं पत्र तिथल्या शिपायाला लिहायचं, हा त्यांचा दंडक. साहेबांची बदली होते, पण पुढच्या वर्षी आपल्या मुलांना आत कोण सोडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

माझं घोडं मात्र घरीच अडलं होतं. वणीत माझ्या अब्बांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. मला वसतिगृहात ठेवताना त्यांनी बजावलं होतं, “एक साल पढ ले. साल के बाद मेरे कू समझा, ये पढके आदमी करता क्या है. नहीं समझा सकी तो घर आ जा.” अब्बा प्रेमळ आहेत, पण शब्दाचे पक्के. वर्ष संपत आलं आणि मला स्वतःलाच काही समजलं नव्हतं, तर त्यांना काय समजावणार? उन्हाळ्यात पाणी तपासणी प्रयोगशाळेत महिनाभराची इंटर्नशिप मिळत होती. अब्बांनी नकार कळवला.

मॅडम एसटीने वणीला आल्या. गॅरेजमध्ये लाकडी स्टुलावर बसून त्यांनी तासभर अब्बांचं काम पाहिलं आणि मग विचारलं, “भाईजान, यातला कंटाळवाणा तास कोणता?”

“नट धोने का,” अब्बा म्हणाले. “रोज घंटाभर डिझेल में नट-बोल्ट धोते बैठना पडता.”

“मंग करता काहून?”

“नहीं धोया तो गाडी घाट में बंद पडेगी ना, मॅडम.”

“तुमच्या पोरीसाठी असंच एखादं काम शोधून राह्यलो आम्ही. एक महिना द्या.” अब्बांनी चहा मागवला. माझा महिना ठरला, पण एका अटीवर. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आणून दाखवायचं आणि मग पुढचं बोलायचं.

आता मी तो प्रसंग सांगते, जो मॅडमनी आजवर एकाही वर्गात सांगितला नाही. मुकुटबनच्या पुढच्या एका गावातल्या दोन हातपंपांचं पाणी आणायला मला पाठवलं होतं; एक शाळेजवळचा, दुसरा देवळाजवळचा. बाटली भरण्याआधी तिच्यावर चिठ्ठी लावायची, हा या कामातला पहिला धडा. ऊन मी म्हणत होतं. मी दोन्ही बाटल्या भरल्या आणि चिठ्ठ्या जीपमध्ये बसून लावल्या. देवळाजवळच्या पाण्यात फ्लोराईड जास्त निघालं, शाळेजवळचं चांगलं निघालं. अहवाल गेला आणि गावाने देवळाजवळच्या पंपाला लाल रंग दिला, म्हणजे ते पाणी प्यायचं नाही.

आठ दिवसांनी, माझा महिना संपायला चार दिवस उरले असताना, दुपारी मी फडताळ पुसत होते. त्या दोन बाटल्या समोर आल्या. शाळेच्या पंपावर एका बाटलीचं झाकण सैल निघालं म्हणून मी त्याला रबर गुंडाळलं होतं, हे मला लख्ख आठवत होतं. रबर गुंडाळलेल्या बाटलीवर चिठ्ठी होती ‘देवळाजवळ’. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर चार दिवसांत प्रमाणपत्र हातात होतं. मी बाहेर जाऊन मॅडमना फोन लावला आणि रडत रडत सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. एवढंच विचारलं, “आत्ता शाळेतले लेकरं कोणतं पाणी पिऊन राह्यले?” शाळेला सुट्टी होती, पण आजूबाजूची मुलं तिथेच पाणी प्यायची. मी ते सांगितलं. “मंग आजच सांगा लागते. गावात फोन लाव, तो पंप बंद करायला लाव. सकाळच्या गाडीनं मी पोहोचते.”

सकाळी आधी आम्ही प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, “पोर आहे, होतं असं. सुधारित अहवाल पाठवून देऊ, नाव यायचं कारण नाही.” मॅडम म्हणाल्या, “साहेब, अहवाल तुम्ही पाठवाच. पण गावात ही स्वतः जाऊन सांगेल.” गावात लोक पंपाजवळ जमले, तेव्हा मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या. “बोलाचं तूच,” एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी बोलले. एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. तिने विचारलं, “आठ दिवस पाजलं मी याले हे पाणी. आता?” तेव्हा मात्र मॅडम पुढे आल्या. त्या मूळच्या झरी भागातल्या. बाईशी तिच्या कोलामी बोलीत बोलल्या. आठ दिवसांनी काही बिघडत नाही, पण फ्लोराईडचं पाणी लहानपणापासून वर्षानुवर्षं प्यायलं तर दात डागाळतात, हे त्यांनी तिला शांतपणे समजावलं. आम्ही दोन्ही पंपांचं पाणी पुन्हा घेतलं. या वेळी चिठ्ठ्या आधी लावल्या. शंका खरी निघाली आणि लाल रंग शाळेच्या पंपाला गेला.

महिना संपल्यावर प्रमाणपत्र मिळालं, त्यात मॅडमच्या आग्रहावरून एक ओळ जास्तीची होती: ‘नमुन्याच्या चिठ्ठ्या लावताना चूक केली, ती स्वतः लक्षात आणून दिली.’ त्या दिवशी मला मॅडमचा भयंकर राग आला होता, हे आज कबूल करते. चूक केलेल्या मुलीला अब्बा पुढे शिकवणार कशाला?

अब्बांनी कागद बोट फिरवत वाचला. त्या ओळीवर थांबले. “गलती तेरी थी, ये उनको किसने बताया?”

“मैंने.”

त्यांनी कापडाला हात पुसले, कागद घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, “पढ आगे.” मग जॅकखालच्या ट्रककडे वळले. माझ्या आयुष्याचा निकाल त्या दोन शब्दांत लागला.

या वर्षी प्रथम वर्षाला त्याच गावची एक मुलगी आली आहे. तेव्हा ती तान्ही होती. त्या भागातल्या जुन्या माणसांचे पिवळे, डागाळलेले दात आम्ही नेहमी पाहतो. परवा वर्गात कशावरून तरी ती खळखळून हसली. तिचे दात पांढरेशुभ्र होते. मी मॅडमकडे पाहिलं, तर त्या हातातला खडू तसाच धरून तिच्याकडेच बघत होत्या. मी काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “हसू दे तिले.”

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करता आणखी पुष्कळ पायऱ्या चढोत. निवृत्तीनंतरही जूनमध्ये प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन पहिल्या बाकाशेजारी उभ्या राहा. तुमच्यामुळे मी शिकले, हे माझ्या घरचं सुख झालं. ती मुलगी तोंडावर हात न ठेवता हसते, यात मात्र तुमचा वाटा आहे हे तिला माहीतही नाही.