दाजींच्या मशीनचा ताप

पंप बिघडला की दाजी आधी तोंड उघडत नाहीत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. मग बेअरिंग गेलंय की नुसतं कोरडं पडलंय ते सांगायचं. उघडून बघितल्याशिवाय नवा भाग घालायचा नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. मेहुणा दाजी म्हणतो, म्हणून सगळी गल्लीच दाजी म्हणते.

असा हा माणूस पन्नाशीत कॉम्प्युटरवर गाड्या पळवण्याच्या नादी लागला. दर रविवारी दुपारी मेहुण्याशी शर्यत. तो त्याच्या घरी, हे आपल्या घरी, दोघांच्या कानाला हेडफोन. दाजी वळण असं घ्यायचे की बघत राहावं. पण अलीकडे पंधरा-वीस मिनिटं झाली की मशीनला धाप लागायची. चित्र अडखळायचं, गाडी कठड्यावर जायची आणि कानात मेहुण्याचं खिदळणं. "दाजी, हात चांगलाय तुमचा, पण मशीन म्हातारं झालं. पेन्शनीत काढा त्याला."

वर्षाची शेवटची शर्यत तोंडावर आली, तेव्हा दोघं बरोबरीत होते. हरेल त्यानं दुसऱ्याला वर्षभर 'गुरुजी' म्हणायचं ठरलेलं. ज्याला नाक पुसायला शिकवलं त्याला गुरुजी म्हणायचं, हे दाजींच्या जिवावर आलं होतं.

शनिवारी ते दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, प्रोसेसर बदला. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, म्हणून मदरबोर्डही. त्यावर जुनी रॅम चालत नाही, म्हणून तीही. बटण लावायला गेलो आणि शिंप्यानं नव्या कोटाचं माप घेतलं, असं दाजींना झालं. तरी मन वळलंच. उद्या सकाळी येतो म्हणाले.

त्यांची बायको दवाखान्यात नर्स. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ताप बघितला का?"

"कुणाचा?"

"त्याचाच. अहो, थेट ऑपरेशनला निघालात. आधी थर्मामीटर तरी लावा."

दाजी वरमले. गिऱ्हाइकाच्या पंपाचा नेम घरच्या मशीनला लावायचा राहिलाच होता. गेम चालू ठेवून त्यांनी प्रोसेसरचं तापमान पडद्यावर लावून बघितलं. आकडा चढत चढत अठ्ठ्याण्णव सेल्सिअसवर गेला, आणि तिथंच चित्र अडखळायला लागलं. म्हणजे बिचारा जीव वाचवायला वेग कमी करत होता. मशीन बंद करून त्यांनी वरचा पंखा सोडवला. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे पोचवणारा खालचा लेप वितळून कडेला ओघळलेला, मधे कोरडं ठाक. दाजींनी बोटावर घेऊन वास घेतला.

"काय निघालं?" बायकोनं विचारलं.

"बेअरिंगचं ग्रीस."

"ते कुणी लावलं?"

"आहे एक हुशार मेकॅनिक."

मागं सफाई करताना लेप संपला होता, ग्रीसचा डबा हाताशी होता. ग्रीस ते ग्रीस म्हणून थापलं होतं.

रविवारी सकाळी दुकानातून मदरबोर्डाऐवजी करंगळीएवढी लेपाची ट्यूब आली. जुनं पुसून दाजींनी नवा लेप लावला. दुपारी चाळीस मिनिटांची शर्यत झाली, आकडा सत्तरच्या वर सरकला नाही. शेवटचं वळण मेहुण्यानं रुंद घेतलं, दाजी आतल्या अंगानं घुसले आणि गाडीभर अंतरानं रेघ ओलांडून गेले.

कानात मेहुण्याचा आवाज आला, "कुठला प्रोसेसर घातलात?"

"नीट विचार."

"गुरुजी, कुठला प्रोसेसर घातलात?"

"तोच. म्हातारा."

ग्रीसचं नाव दाजींनी काढलं नाही. त्याची सख्खी बहीण शेजारीच बसली होती, तिनंही नाही.