काढलेल्या दोन कड्या

निवृत्ती राऊळ हा डिचोलीतला सगळ्यात भित्रा सायकल मेस्त्री, आणि म्हणूनच सगळ्यात भरवशाचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, हा बाबा मागचं चाक उचलून पॅडल फिरवणार, चेन बोटाने दाबून बघणार, आणि ती जराशी जास्त खाली गेली की चाक मागे ओढून ताणून देणार. लोक हसायचे. तो हसत नसे.

त्याला कारण होतं. गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी दोघे भाऊ सीमेपलीकडच्या बांद्याकडून इथे पोटापाण्याला आले. थोरला जयराम सायकलवरून पाव विकायचा, निवृत्ती एका सायकलच्या दुकानात लागला. एका सकाळी जयराम म्हणाला, चेन ढिली वाटते. निवृत्ती म्हणाला, संध्याकाळी बघू. सुर्ल्याच्या चढावर, पावाच्या टोपलीसकट जोर लावताना चेन उतरली, पॅडल मोकळं फिरलं, जयराम रस्त्यावर आडवा झाला. मागे खनिजाचा ट्रक होता. तेव्हापासून तेवीस वर्षांत निवृत्तीने एकही चेन ढिली सोडली नाही.

आणि त्याच माणसाच्या पोटी शीतल जन्मली. मांद्र्याला एका गेस्टहाऊसमध्ये हंगामभर काम करून पोरगी घरी आली ती रेसची सायकल घेऊनच. एक डच पाहुणा जाताना स्वस्तात देऊन गेला होता. आता तिला राज्याच्या संघात शिरायचं होतं. निवड रविवारी, आणि निवडीचा रस्ता सुर्ल्याच्या चढावरूनच जाणारा. तिथे रोज सराव करायलाच हवा, असं तिने जेवताना सांगितलं. निवृत्तीने हातातला घास ताटात परत ठेवला. नको म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. भित्र्या माणसाला पोरीचा राग ओढवून घ्यायचीही भीती वाटते.

मग त्याने आपल्या हातात होतं ते धरलं, म्हणजे गिअर. पुढे त्रेपन्न आणि एकोणचाळीस दात्यांच्या दोन चकत्या, मागे अकरापासून तेवीस दात्यांपर्यंतच्या चकत्यांचा जुडगा, म्हणजे कॅसेट. त्या डच माणसाच्या मुलखात चढ नसावेतच. सुर्ल्याला शीतलचे गुडघे भरून येत, वेग मरे आणि सायकल झोकांडे खाई. मागे खनिजाचा टिप्पर असताना झोकांडा म्हणजे काय, हे निवृत्तीला कुणी सांगायला नको होतं. पुढची चकती आणखी लहान घ्यायची तर पॅडलचा आख्खा क्रँक बदलावा लागत होता. म्हणून म्हापशाच्या गुरुदासकडून त्याने अकरा ते अठ्ठावीसची कॅसेट आणली. मागे दाते जास्त, तर चढाला पाय हलका. हिशेब बरोबर होता.

कॅसेट बसवून त्याने पॅडल फिरवलं. पुढे लहान, मागे लहान अशी जोडी लागली आणि चेन लोंबली. चांगली दोन बोटं खाली. निवृत्तीला पावाची टोपली दिसली. त्याने चेनीच्या पिनेवर पंच लावला, हातोडी मारली, दोन कड्या काढल्या आणि चेन पुन्हा जोडली. आता लोंबत नव्हती. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

सकाळी शीतल सरावाला निघून गेल्यावर गुरुदासचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. जाता जाता त्याने विचारलं, “चेन लांब केली मरे?”

निवृत्तीने अभिमानाने सांगितलं, उलट दोन कड्या कमी केल्या.

गुरुदास म्हणाला, “अरे, पुढे मोठी आणि मागे मोठी घातल्यार चेन उणी पडतली. चाक जाम जातला.”

शीतलची खोड निवृत्तीला ठाऊक होती. चढाला ती मोठ्या चकतीवरच लागायची, मागचे दाते एकेक करून वाढवायची आणि अगदी निभेनासं झालं की मगच पुढची चकती बदलायची. तिला फोन लावला, तर तो दुकानाच्या फळीवरच वाजला. दुकान उघडं टाकून तो रस्त्यावर धावला आणि समोरून येणाऱ्या रिकाम्या टिप्परला आडवा झाला. चालक महादेव बेळगावकडचा, ओळखीचा. तेवीस वर्षांत निवृत्ती प्रथमच खनिजाच्या ट्रकमध्ये चढला.

चढाच्या तोंडाशी ती दिसली. पुढे मोठी चकती, बूड सीटवरून उचललेलं, आणि तिच्यापुढे लाल धूळ. निवृत्तीने महादेवचा हॉर्नवरचा हात धरला. पोर दचकली तर? त्याने ट्रक मागेच, रस्त्यात आडवा घालून थांबवायला सांगितला. पाठचे ट्रक बोंब मारू लागले. निवृत्ती उडी टाकून धावला. धावताना त्याला तिचा अंगठा गिअरकडे सरकलेला दिसला.

“शीतल, उतर! गिअराक हात लावू नको.”

ती उतरली. रागाने लाल झाली होती. निवृत्तीने मागचं चाक उचललं, पॅडल फिरवलं आणि गिअर चढवत नेला. शेवटच्या दात्यांवर चेन तारेसारखी ताणली, खाडकन आवाज झाला, चेन ताणून धरणारा मागचा गिअरचा हात वाकून आऱ्यांत घुसला आणि चाक जागच्या जागी थिजलं. शीतलने मागे उभ्या टिप्परकडे पाहिलं. तिचा राग ओसरला.

“ह्या कोणी केला, बाबा?” तिने हळूच विचारलं.

“मीच दोन कड्यो काढलंय. भियान.” तो रस्त्याच्या कडेला बसून रडला. भाऊ ढिल्या चेनीने गेला, पोर ताणलेल्या चेनीने जाणार होती.

शनिवारपर्यंत त्याने वाकलेला हात बदलला आणि नवी, लांब चेन घातली. पुढे मोठी, मागे मोठी, असं स्वतः दहादा फिरवून पाहिलं. चाक छान फिरलं. मग लहानावर लहान घातली, आणि चेन पुन्हा लोंबली. ती जोडी शीतल कधीच लावणार नव्हती. तरी त्याचा हात आपोआप पंचाकडे गेला.

शीतलने तो पंच उचलला आणि आपल्या जर्सीच्या खिशात घातला. रविवारी निवडीलाही ती तो घेऊनच गेली. ती परत येईपर्यंत निवृत्ती रिकाम्या हातांनी दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.