अर्धी समीक्षा आणि अख्खं अस्वल

कसं सांगू तुम्हाला, एका अस्वलानं माझी आठवडाभराची झोप उडवली. अस्वलही खरं नाही हो, कार्टूनमधलं!

झालं असं, की माझी इरा पाच वर्षांची झाली आणि थिएटरमधला तिचा पहिला सिनेमा कोणता, हा प्रश्न घरात निघाला. आता मी काही अशीतशी आई नाही. साधा कुकर घ्यायचा तरी मी आधी ढीगभर अभिप्राय वाचते. सिनेमा निवडला तो अस्वलाच्या पिल्लावरच्या एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. अभिजात साहित्य, वर अ‍ॅनिमेशन! तिकिटं काढली आणि मग समीक्षा वाचायला बसले. क्रम चुकला, मान्य.

एकीत लिहिलं होतं, ‘मुलांना सोबत घेऊन बघा.’ सोबत घेऊन? म्हणजे एकटं सोडू नका! का बरं?

दुसरी एका बड्या समीक्षकाची. ‘मूळ कादंबरीत पिल्लाची आई पुरात वाहून जाते. तो प्रसंग वाचून कित्येकांनी उशा भिजवल्या. या सिनेमात दिग्दर्शकानं तर हद्दच केली आहे...’ आणि तिथंच मजकूर गायब! पुढचं वाचायला म्हणे वर्गणी भरा.

मी कशाला भरतेय? पुढचं मला कळलंच होतं की! आई वाहून जाते आणि वर हद्द, म्हणजे दाखवलं असणार सगळं, अगदी जवळून, ढोल वाजवून. आणि आमची इरा कशी? मी बाथरूममध्ये गेले तरी दाराबाहेर उभी राहून ‘आई, आहेस ना?’ विचारणारी. ती हे बघणार?

नवऱ्याला सांगितलं, तर तो फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतला. म्हणाला, “अगं, आमच्याकडं पोरं आईच्या कडेवर बसून फुटबॉलची मॅच बघत्यात. तिथली भांडणं बघून कोण घाबरत न्हाई, अन् ही अस्वलाला घाबरणार व्हय?”

“अहो, पण त्याची आई जाते!”

“मग राहू दे की जायचं.”

“छे! मी तयारी करून घेते.”

तयारी म्हणजे कवायत. मी ‘डोळे!’ म्हटलं की इरानं डोळे घट्ट मिटायचे. वरण ढवळताना ‘डोळे!’, वेणी घालताना ‘डोळे!’. पोरगी अशी तरबेज झाली, की मला माझाच अभिमान वाटायला लागला.

रविवारी आम्ही तिघं पोचलो, तर थिएटर भरलेलं. पर्समध्ये लपवून आणलेलं भडंग, मागच्या रांगेत गडमुडशिंगी गावाहून पोराबाळांसकट आलेलं एक मोठं खटलं. सिनेमा सुरू झाला. ढग दाटले, नदी फुगली आणि अस्वलाची आई धाडकन पाण्यात!

मी ताडकन उठले आणि ओरडले, “डोळे!”

इरानं मिटले. पण माझा आवाज जरा जास्तच लागला. पुढच्या रांगेतल्या चार पोरांनीही मिटले. भडंगाची अर्धी पुडी त्यांच्या वडिलांच्या डोक्यावर.

मागून एक दणदणीत आवाज आला, “ओ ताई, काय झालं? उंदीर हाय व्हय?”

“अहो, पोरांचे डोळे झाका! आई मरणार आहे!”

“कुणाची?”

“अस्वलाची!”

झालं! त्यांच्या बायकोनं दोन्ही पोरांवर पदर टाकला. बातमी रांगारांगांतून पुढं गेली. एका पोरानं भोकाड पसरलं, त्याचं बघून दुसऱ्यानं, आणि अंधारात कुणीतरी कळवळून विचारलं, “माझी आई कुठाय?”

आणि पडद्यावर ती बया पाण्यातून वर आली, अंग झाडलं... तोंडात हा एवढा मासा!

अख्खं थिएटर खो-खो हसलं. इरा अजून डोळे मिटूनच. “आई, सगळे हसतायत. उघडू?”

मागचे पावणे वाकून म्हणाले, “ताई, आधी बघितलासा व्हय पिच्चर?”

“नाही. समीक्षा वाचलीय.” अर्धी, हे मी सांगितलं नाही.

“मग बसा की खाली. आमी बघायच आलोय.”

मध्यंतरात नवऱ्यानं मुद्दाम वर्गणी भरली आणि मोठ्यानं वाचलं, “‘...तर हद्दच केली आहे. आईला चक्क जिवंत ठेवलं! मूळ कलाकृतीचा असा गळा घोटलेला पाहवत नाही.’” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “तू अन् हा समीक्षक, दोघं मिळून त्या बिचारीच्या जिवावरच उठलाय की!”

मध्यंतरानंतर मी अगदी शहाण्यासारखी बसले. काही बोलायचं नाही, उठायचं नाही, ठरवूनच टाकलं. थोड्या वेळानं पडद्यावर पुन्हा ढग आले, पुन्हा नदी फुगली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात भडंगानं तेलकट झालेला एक छोटासा तळहात माझ्या डोळ्यांवर आला.

“आई, तू नको बघूस. मी बघते आणि सांगते तुला.”